दीड इंच माया

हातमागाच्या प्रदर्शनात दुपारी तीनच्या सुमाराला गर्दी ओसरते. सकाळच्या हौशी बायका निघून गेलेल्या असतात, ऑफिसवाले अजून यायचे असतात आणि स्टॉलवरची मंडळी डब्यातला उरलेला भात संपवत असतात. पुण्यातल्या अशाच एका हॉलमध्ये आरशासमोर एक बाई उभी होती. पस्तिशी-चाळिशीची. हातात निळीत रंगवलेला खादीचा कुर्ता. कापड तिनं अंगठा आणि तर्जनीत चोळून पाहिलं, नाकाशी नेलं, किमतीची चिठ्ठी वाचली आणि कपाळावर आठीसुद्धा पडू दिली नाही. मग अंगातल्या टॉपवरूनच तो चढवला, एकदा समोरून पाहिलं, एकदा मान वळवून पाठीकडून, आणि मैत्रिणीला म्हणाली, "अगं, छानच आहे. पण हे घातलं ना, की मी कुठल्यातरी संस्थेत काम करते असं वाटतं."

मैत्रीण हसली. स्टॉलवाल्यानंही हसतच कुर्त्याची घडी घातली.

ते वाक्य विसरता येत नाही, कारण ते खोटं नव्हतं. किंमत तिला मान्य होती, कापड आवडलं होतं, विणणाऱ्याला दोन पैसे बरे मिळावेत असंही तिला वाटत असणार, नाहीतर एवढ्या उन्हात ती तिथं कशाला येईल? पण आरशात तिला ती स्वतः दिसली नाही, एक गणवेश दिसला. स्वातंत्र्याच्या चळवळीत खादी आली तीच मुळी गणवेश म्हणून, त्याला ती तरी काय करणार! टोपी, सदरा, धोतर हे सगळं एकसारखं दिसावं अशीच तर तेव्हा इच्छा होती. पुढे तो पांढरा रंग पुढाऱ्यांनी घेतला, मातकट रंग चळवळीतल्या लोकांनी घेतले, खांद्याला शबनम आली, कानात ऑक्सिडाइज्ड झुमके आले, आणि कापडाआधी माणसाचा पेशा दिसायला लागला. ज्याला यातलं काहीच व्हायचं नाही, फक्त चांगलं कापड घालायचं आहे, त्यानं काय करावं?

तो कुर्ता तिला तसा का दिसला, हे मात्र नेमकं सांगता येतं. खांद्याची शिवण तिच्या खांद्याच्या हाडावर बसायच्या ऐवजी सव्वा इंच खाली दंडावर उतरली होती. उंची गुडघ्याच्या चार बोटं खाली. घेर सरळ, बाजूचे कट आखूड. त्यात कापड जाड, वीस-तीस नंबरच्या सुतातलं. सुताचा नंबर म्हणजे एक पौंड वजनाच्या सुतात 840 यार्डांच्या किती लड्या निघतात तो आकडा, म्हणजे नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. वीस नंबरचं कापड अंगावरून ओघळत नाही, ते अंगापासून दूर उभं राहतं. त्याला सैल शिवलं की तंबू होतो. तेच कापड नीट मापात, कमी लांबीत, ताठ कॉलरचं जाकीट म्हणून शिवलं तर त्याच्या ताठपणाचाच दिमाख होतो. उलट ऐंशी किंवा शंभर नंबरच्या मलमली खादीत कितीही चुण्या घ्या, ती पाण्यासारखी पडते, पण तिची विजार शिवलीत तर महिन्याभरात बूड विरेल. दुकानात रंग आणि नक्षी पाहण्यात आपला सगळा वेळ जातो. आधी कापडाचं टोक मुठीत घेऊन एक फूटभर खाली सोडून पाहावं. उभं राहतं की पडतं, यावरच त्याचं काय शिवायचं हे निम्मं ठरतं.

आणि हे कुर्ते एवढे ढगळ का असतात? लहान उत्पादकाकडे एका ताण्यातून, म्हणजे मागावर एका वेळी लावलेल्या उभ्या धाग्यांतून, एका रंगाचं मोजकंच कापड निघतं. त्यातून सहा मापं आणि तीन उंच्या करायच्या म्हटलं तर प्रत्येकी जेमतेम एक-दोन नग होतात, आणि नेमकं हवं ते माप संपलेलं असतं. म्हणून सगळ्यांना होईल असं शिवतात, म्हणजे कुणालाच नीट होत नाही. बिचाऱ्यांचा नाइलाज आहे, पण त्याची शिक्षा कापडाला होते. तेव्हा तयार कपड्याच्या मागे लागण्यापेक्षा कापड घ्यावं आणि ओळखीच्या शिंप्याकडे जावं, हे माझं आग्रहाचं मत आहे. शिवलेल्या कपड्याचे पैसे वाचतात हा त्यातला छोटा भाग. मोठा भाग असा की हात, खांदे, पोट, सगळं आपलं आपल्याकडे राहतं.

शिंप्याकडे जाण्याआधी मात्र एक रात्र बादलीकडे द्यावी लागते. हातकताईच्या सुताचं कापड पहिल्या धुण्यात साधारण चार ते सहा टक्के आटतं, सैल विणीचं असलं तर त्याहून जास्त. चाळीस इंचांच्या कुर्त्यात चार टक्के म्हणजे दीड इंचाहून जास्त आणि सहा टक्के म्हणजे जवळजवळ अडीच इंच. म्हणजे शिंप्यानं घेतलेलं माप आणि दुसऱ्या आठवड्यातला कुर्ता यांचा काही संबंध उरत नाही. म्हणून अडीच मीटर लागत असेल तर पावणेतीन मीटर घ्यावं, साध्या थंड पाण्यात रात्रभर बुडवून ठेवावं, सकाळी खळ निघून पाणी स्वच्छ येईपर्यंत खंगाळावं, पिळू नये, सावलीत लांबीनं वाळत घालावं आणि दमट असतानाच इस्त्री करावी. अस्तरही त्याच बादलीत भिजवायचं. इथंच बहुतेकांचा घोळ होतो. वरचं कापड भिजवलं, अस्तर तसंच राहिलं. मग पहिल्या धुण्यात अस्तर आखूड होतं आणि खालचा घेर आत ओढल्यासारखा दिसतो. कृत्रिम धाग्याचं अस्तर असेल तर उलटा प्रकार: ते आटत नाही, सुती आटतं, आणि खालून जीभ काढल्यासारखं अस्तर बाहेर डोकावतं. पाठीतल्या चेनच्या दोन्ही बाजूंना लाटा येतात त्याचंही कारण हेच, चेनची पट्टी आटत नाही.

निळीच्या कापडाची आणखी एक गंमत. ते रंग सोडतं म्हणून लोक मिठाच्या पाण्यात बुडवतात. निळीला मिठानं काही होत नाही. नीळ धाग्याशी रासायनिक गाठ बांधत नाही, ती धाग्यात आणि धाग्यावर बारीक कणांनी बसलेली असते, आणि वर बसलेले सुटे कण घासले की निघतात. ते खंगाळून काढून टाकणं हाच उपाय. पहिली तीन-चार धुणी वेगळी, आणि तोवर फिकट रंगाच्या सोफ्यावर बसू नये, पांढरी पर्स खांद्याला लावू नये. वनस्पतीच्या रंगांत काळ्याला वेगळं जपावं लागतं. लोखंड आणि गुळाच्या आंबवणातून आलेल्या काळ्यावर लिंबू सांडलं की तिथं पिवळट डाग उरतो, आम्लानं तो रंग सुटतो. म्हणजे भेळ खाताना काळा कुर्ता घालायचा नाही. हे मी विनोदानं लिहीत नाही.

मग शिवण. इथं तो शब्द येतो, ज्याच्यासाठी मराठी शिंप्यांचे पाय धरावेत: माया. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात ती माया. गिरणीच्या घट्ट कापडाला अर्धा इंच माया पुरते. हातमागाच्या सैल विणीत धागे सरकतात. कापड फाटत नाही, पण पाठीवर, मुंढ्यात (बाही जोडतात तिथं), काखेशी शिवणीच्या बाजूला जाळी पडते, धागे बाजूला होऊन फट दिसते. माणूस म्हणतो, हातमागाचं कापड टिकत नाही. कापडाचा दोष नसतो, माया कमी आणि कपडा घट्ट असतो. बाजूच्या शिवणीत दीड इंच, मुंढ्यात पाऊण इंच माया मागून घ्यावी, छातीत अंगापेक्षा किमान चार इंच मोकळीक ठेवावी, मुंढ्याच्या आतून तिरकी कापलेली पट्टी लावून घ्यावी. शिलाईचे टाके इंचाला दहा-बारा. शिंपी कुरकुरतो, "ताई, एवढी माया कशाला, जाड होईल." होऊ दे. पुढे अंग वाढलं तर उसवून मोठं करायची सोय त्यातच असते. तयार कपड्यात आत पाव इंचावर ओव्हरलॉक मारलेलं असतं, तिथं वाढायला जागाच नसते.

खणाचं प्रकरण त्याहून अवघड, आणि म्हणून जास्त रंजक. खण विणतात गुळेदगुड्डला, कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात, पण नेसण्याघालण्यात तो इतका आपला झाला की त्याला परगावचा म्हणायला जीभ धजत नाही. हातमागाच्या खणाचा पन्हा, म्हणजे रुंदी, परंपरेनं तीसेक इंचांचा, कारण त्याचं काम एकच होतं, चोळी. आता त्याचे ड्रेस, जाकिटं, कंदील, पर्स, सगळं होतं, आणि बाजारात 44 इंच पन्ह्याचा भरपूर चकचकीत खण मिळतो. तो पन्हा दिसला की विचारावं, हातमाग की यंत्रमाग. यंत्रमागाच्या कापडात पाप नाही. इचलकरंजी आणि मालेगावची कितीतरी घरं त्यावर चालतात. पण यंत्रमागाचं घेऊन हातमागाचे पैसे द्यायचे, यात विणकराला काहीच मिळत नाही. दोन धागे काढून जाळून पाहावे. सूत कागदासारखा वास देत जळतं आणि राख बोटात विरते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. यातून धागा कळतो, माग नाही, तेवढं ध्यानात ठेवायचं.

तीस इंची पन्ह्यातून कुर्ता निघतो का? निघतो, पण आजच्या कटिंगनं नाही, जुन्या कळीदार पद्धतीनं. पुढची आणि मागची मधली पट्टी वीस-बावीस इंचांची कापायची, बाजूला उरलेली आठ-दहा इंचांची लांब पट्टी कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी कापली की दोन कळ्या होतात. पुढच्या-मागच्या मिळून चार. त्या काखेखाली जोडल्या की चालायला घेर मिळतो आणि कापडाची चिंधीसुद्धा वाया जात नाही. अरुंद मागांच्या काळातल्या शिंप्यांनी हे गणित कधीच सोडवून ठेवलंय. बाहीला मात्र काठ हवा असेल तर लक्षात घ्या, काठ कापडाच्या लांबीनं जातो, त्यामुळे बाही आडवी कापावी लागते. पाऊण बाहीची लांबी सोळा इंच धरली तर तीस इंचांत दोन बाह्या शेजारी बसत नाहीत, एकाखाली एक घ्याव्या लागतात. उंचीला 42 इंच पकडून दोन लांब्या, अधिक बाह्या, सव्वातीन मीटरच्या आत हे बसत नाही. अडीच मीटर घेऊन येणाऱ्या बाईला शिंपी जेव्हा "बिनबाह्यांचं करू का?" विचारतो, तेव्हा चूक शिंप्याची नसते.

सगळा कुर्ता खणाचा करावाच का, हा माझा खरा प्रश्न आहे. गडद रंगाच्या साध्या खादीला फक्त खणाची पाठ, किंवा आतून अस्तर म्हणून खण आणि बाही दुमडली की तेवढा दोन बोटं दिसणारा जांभळा-हिरवा रंग. ज्याला भपका आवडत नाही त्याच्यासाठी खण आतल्या बाजूला असावा. ज्याला आवडतो त्यानं खुशाल सगळा अंगभर ल्यावा, त्याला कोण अडवणार. विदर्भातली करवतकाठी साडी ही आणखी वेगळी चीज. तिचा करवतीच्या दात्यांसारखा काठ आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या तीन धोट्यांनी विणतात, काठाचा आणि अंगाचा आडवा धागा एकमेकांत अडकवत. त्यामुळे उलट बाजू सुलटीइतकीच स्वच्छ असते. अशा टसरच्या, म्हणजे रानरेशमाच्या, कापडाचा दुपट्टा कसाही पडला तरी चालतो, आणि दोन्ही बाजूंनी घालायचं जाकीट करायचं तर याच्याइतकं सोयीचं कापड नाही. टसरचा तो मधासारखा मूळ रंग न रंगवता ठेवला तर जीन्सवरही शोभतो. फक्त पावसाचे थेंब पडून डाग उमटतात, तेव्हा जूनमध्ये तो कपाटात बरा.

आता पैशाकडे येतो, कारण ते टाळून या विषयावर लिहिणं म्हणजे लबाडी.

ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत 24 एप्रिल 2013 रोजी कोसळली आणि अकराशेहून जास्त माणसं गेली, त्यानंतर 'माझे कपडे कुणी शिवले' हा प्रश्न जगभर विचारला जाऊ लागला. आपल्याकडे तो जुना आहे. खादीचं काम चालवणारा चरखा संघ 1925 साली निघाला आणि 1935 मध्ये गांधींनी धरलेला आग्रह असा होता की कातणारीला तिचं पोट भरेल एवढी मजुरी मिळालीच पाहिजे, आठ तासांना आठ आणे. खादी महाग होईल, खपणार नाही, हा आक्षेप कार्यकर्त्यांतूनच आला. विनोबांनी तर वर्ध्याजवळ नालवाडीला सूत कातून त्याच मजुरीवर भागतं का हे स्वतःवर करून पाहिलं. म्हणजे आज किमतीची चिठ्ठी पाहून जी चुळबुळ होते ती तेव्हाच्या बैठकांतही होती. फेअर ट्रेड, म्हणजे करणाऱ्याला रास्त दाम देणारा व्यापार, हा शब्द नंतरचा.

शिक्के आहेत. 2006 पासून हँडलूम मार्क आहे, 2013 च्या नियमांनी खादी मार्क आला. पण हे शिक्के कापड कसं झालं ते सांगतात, विणणाऱ्याला काय मिळालं ते नाही. जागतिक फेअर ट्रेड संघटनेची दहा तत्त्वं आहेत आणि त्यांवरून तपासणी माल बनवणाऱ्या अख्ख्या संस्थेची होते, तिथं मजुरीचा प्रश्न येतो. स्टॉलवर उभं राहून एवढं कोण तपासणार? दोन प्रश्न पुरतात. हे कुठल्या गावचं? आणि विणकराला पैसे विणल्यावर मिळतात की विकल्यावर? दुसऱ्या प्रश्नाला जो अडखळतो, त्याच्याकडे माल बहुतेक 'विकला तर पैसे' या बोलीवर आलेला असतो. म्हणजे उधारी विणकरानं द्यायची. साध्या पोताचं चार-पाच मीटर विणायला अख्खा दिवस जातो, त्याआधी ताणा लावायचे दिवस वेगळे, आणि त्या दिवसांचे पैसे कुणाच्या तरी शोरूममध्ये हँगरला लटकलेले.

एक गोष्ट या सगळ्यात टोचत राहते. मागावर बसलेल्या बाईच्या अंगावर पुष्कळदा सिंथेटिक साडी असते. स्वस्त, पावसाळ्यात तासाभरात वाळणारी, इस्त्री न मागणारी. तिची निवड पूर्ण शहाणपणाची आहे. आपण तिचं कापड घेऊन त्यात स्वतःला शोधतो, ती आपल्या गिरण्यांचं कापड नेसून कामाला लागते. यावर मला बोलता येत नाही. सकाळी धावत लोकल पकडणाऱ्या बाईनं चुरगळणारी खादी रोज घालावी असा उपदेशही करवत नाही. हिशेब मांडता येतो: समजा 2,400 रुपयांचा कुर्ता 120 वेळा घातला तर एका वेळेला वीस रुपये, आणि 600 रुपयांचा पंधरा वेळात विटला तर चाळीस. हिशेब बरोबर आहे, पण त्यात मेख आहे ती 120 मध्ये. तेवढ्या वेळा घालायचा तर तो आवडायला हवा, बसायला हवा, आणि घातल्यावर दुसऱ्याच कुणाचा वाटता कामा नये. कपाटात घडी घालून ठेवलेला नीतिमान कुर्ता रुपयाला रुपया महाग असतो.

त्या निळ्या कुर्त्याचं काय करता आलं असतं? खांदा सव्वा इंच आत घ्यायचा, म्हणजे बाही उसवून परत लावायची. खालून सहा इंच कापायचे. ती पट्टी फेकायची नाही, तिचे दोन खिसे होतात आणि उरलेल्यातून पुढे कोपर विरलं तर ठिगळ. बाजूचे कट चार इंचांनी वर न्यायचे म्हणजे पँटवर मोकळं चालता येतं. पाठीत दोन टक्स. नारळाच्या करवंटीची ती बटणं (संस्थेचा निम्मा वास त्या बटणांनाच येतो) काढून साधी शिंपल्याची, नाहीतर तिला आवडत असतील तर लालभडक. काज तीच राहतात, बटणाचा व्यास तेवढा जुळायला हवा, करवंटीची बटणं जाड असतात, पातळ बटण त्या काजातून निसटतं. एवढ्यावर तो कुर्ता शर्टासारखा झाला असता, ती त्याच्या बाह्या दुमडून, कमरेला पट्टा लावून ऑफिसला गेली असती. शिंप्याचं जेमतेम दोन तासांचं काम. स्टॉलवर एखादा मोजपट्टी गळ्यात घातलेला माणूस बसवावा, असं त्या हॉलमध्ये कुणालाच सुचलेलं नव्हतं.

तिनं मग आणखी दहा मिनिटं काढली. दोन ब्लाउजपीस उलगडून परत ठेवले, एक घोंगडीचं जाकीट हात लावून "टोचतंय गं" म्हणून सोडून दिलं. निघताना काउंटरवर तिनं एक स्टोल घेतला. त्याच निळ्या रंगाचा.

स्टोलला माप लागत नाही.